डोळा लागला त्याचं इंग्रजी

हल्ली दुपारचं जेवण झालं की मी खुर्चीतच पेंगायला लागतो. सून स्वयंपाकघरातून विचारते, "बाबा, झोपलात का?" मी "छे छे" म्हणतो आणि पुन्हा मान टाकतो. या वयात एवढं खोटं खपतं. कधी कधी मात्र तिच्या त्या प्रश्नानं कलकत्त्याजवळच्या बजबजचा एक पंपमन आठवतो, आणि मग कसली पेंग नि कसलं काय. त्याच्याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायको सोडून. तिलाही शेवटचं काही सांगावं लागलं नाही, ती तिथेच होती.

माझं इंग्रजी मराठी शाळेतलं. आमच्या वेळी ते आठवीत सुरू व्हायचं, म्हणजे आवाज फुटायच्या वयात. आमचे मास्तर क्रियापदांची तीन-तीन रूपं पाढ्यांसारखी म्हणून घ्यायचे. साध्या क्रियापदांना शेपूट लावलं की भूतकाळ झाला. पण ज्यांना तो नियम लागू नाही त्यांची वेगळी यादी होती, आणि ती पाठच करायची, दुसरा इलाज नाही. गो, वेंट, गॉन. कीप, केप्ट, केप्ट. स्लीप, स्लेप्ट, स्लेप्ट. 'स्लीप्ड' म्हणणाऱ्याला तास संपेपर्यंत अंगठे धरून उभं राहावं लागे. मीही एकदा राहिलो आहे. यादी म्हणून झाली की मास्तर अर्थ विचारत. "स्लेप्ट?" की चाळीस फुटके आवाज एकदम, "झोपला!" तो शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. परीक्षेत ते येत नसे.

एवढ्या शिदोरीवर मी बी.ए. झालो, एका सरकारी तेल कंपनीच्या कर्मचारी विभागात चिकटलो आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बदली होऊन कलकत्त्याला आलो. बेहाला भागात दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालक, वर आम्ही: मी, बायको आणि तिथेच जन्मलेली मुलगी. ते दिवस नुसते दमण्याचे होते. वीज असली तर ट्राम बंद, ट्राम चालू असली तर वीज नाही, आणि दोन्ही असली की हमखास ऑफिसात घेराव. माझ्याबरोबरचे लोक सॉल्ट लेकच्या वाळूत प्लॉट घ्यायच्या गोष्टी करत. माझा जीव पुण्याकडे लागलेला. मुलीला तिथली दमट हवा सोसत नव्हती, तिची छाती सारखी भरायची, डॉक्टरांनी हवापालट करा म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर मी बदलीचा अर्ज केला आणि वाट बघत बसलो.

बंगाली मला फार लवकर आली. भाजीवाल्याशी हुज्जत घालता घालता, घरमालकाच्या आईची दुखणी ऐकता ऐकता वर्षभरात मी बोलायला लागलो. खूपसे शब्द आपलेच, जरा गोल करून म्हणायचे. याचं बक्षीस म्हणून माझ्या गळ्यात चौकश्यांचं काम आलं. डेपोतल्या एखाद्या कामगारावर आरोप आला की त्याची चौकशी व्हायची, आणि तिची नोंद इंग्रजीत ठेवावी लागे. चौकशी करणारे साहेब दक्षिणेतले, त्यांना बंगाली अजिबात येत नव्हती. ऑफिसातले बंगाली बाबू या कामाला हात लावायला तयार नसत, कारण ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो संध्याकाळी त्यांच्याच पाड्यातल्या चहाच्या दुकानात भेटायचा. मी परका, म्हणून मी निःपक्ष. असा न्याय.

काम असं चाले. साहेब इंग्रजीत प्रश्न विचारत, मी तो बंगालीत सांगे. कामगार बंगालीत उत्तर देई, मी ते इंग्रजीत लिही. खाली कार्बन, त्याची प्रत कामगाराला. पान संपलं की ते त्याला बंगालीत वाचून दाखवायचं, त्यानं मान डोलावली की खाली एक ठरलेली ओळ: वाचून दाखवलं, समजावून सांगितलं, बरोबर आहे. त्याखाली त्याची सही, मग साहेबांची, मग माझी. एखादा शब्द खोडला तर खोडलेल्या जागी तिघांच्या छोट्या सह्या. माझ्या पानांवर खाडाखोड नसायची. मला त्याचा गर्व होता, उगाच कशाला लपवू. आणखी एका गोष्टीचा होता. दोन वर्षांत एकाही कामगारानं माझ्या नोंदीला हरकत घेतली नव्हती. वाचून दाखवलं की प्रत्येक जण म्हणायचा, अगदी असंच बोललो मी. साहेब एकदा हेड ऑफिसच्या माणसाला म्हणालेही होते, की या माणसाच्या नोंदीवर डोळे मिटून सही करावी.

पंपमनची चौकशी त्या दिवसातली तिसरी. मी सकाळी माझेरहाट स्टेशनावर गाडी पकडून बजबजला आलो होतो. डेपोच्या कँटीनमागची खोली, तेलाचा वास, आणि दुपारी दोनलाच पंखा थांबलेला. मुलीला डांग्या खोकला झाला होता. आठ दिवस आम्हा नवराबायकोला धड झोप नव्हती. आरोपपत्र दोन ओळींचं. दुपारी तीनच्या सुमारास कामावर असताना हा इसम झोपलेला आढळला.

माणूस पन्नाशीचा, बारीक, पांढरे खुंट वाढलेले, शर्टाला मात्र इस्त्री. बावीस वर्षांची नोकरी. त्याचं काम म्हणजे नदीवरच्या बार्जमधून तेल टाकीत चढत असताना स्टुलावर बसून काट्याकडे बघत राहायचं, काटा खुणेला आला की झडप बंद करायची. त्या दिवशी लोक रुळांवर बसले होते, गाड्या बंद होत्या, त्याच्या बदलीचा माणूस आलाच नाही. हा आदल्या संध्याकाळी आलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो त्याच स्टुलावर होता. तेल सांडलं नाही, टाकी भरून वाहिली नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. पाळीचा अधिकारी दारातून डोकावला आणि त्याला याची हनुवटी छातीवर दिसली, एवढंच.

तो अधिकारी सरळ माणूस होता. त्यानं जबाबात सांगितलं, डोळे मिटलेले होते हे खरं. झोपला होता की नाही ते मी कसं सांगू? हाक मारली तर लगेच उठला. आता नियमावली अशी की कामावर झोपणं हा गंभीर गुन्हा, त्याला शिक्षा बडतर्फीची. कामात दुर्लक्ष हा किरकोळ, त्याला एक वेतनवाढ बंद. त्यामुळे सगळं येऊन थांबलं ते पंपमनच्या स्वतःच्या उत्तरावर. त्याला हे माहीत होतं. डेपोतल्या लोकांनी त्याला पढवलंही होतं, की खाली वाकून काहीतरी उचलत होतो म्हण.

साहेबांनी विचारलं आणि मी बंगालीत सांगितलं, "त्या वेळी तुम्ही काय करत होता?"

त्यानं बराच विचार केला. खोटं बोलायचा विचार नव्हता तो. नेमकं काय झालं होतं ते आठवत होता. मग म्हणाला, "काँटार दिके चेये छिलाम, स्यार. चोखटा लेगे गियेछिलो."

मराठी माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. काट्याकडे बघत होतो, सर. डोळा लागला. शब्दाला शब्द तोच. साऱ्या कलकत्त्यातल्या परप्रांतीयांत हे वाक्य माझ्याइतकं पुरतं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. आणि ते लिहायला मीच बसलो होतो.

काट्यापर्यंतचं इंग्रजी सरळ उतरलं. मग पेन थांबलं. आपल्याकडे झोपेला किती पायऱ्या आहेत. पेंग येते, झापड येते, डुलकी लागते, माणूस कलंडतो, आणि हे सगळं त्याच्या नकळत होतं, तो फक्त तिथे असतो. तसं काही मला इंग्रजीत हवं होतं. 'डोझ' हा शब्द डोक्यात येऊन गेला, नाही असं नाही. पण तो मास्तरांच्या यादीत नव्हता. त्याचं भूतकाळी रूप काय, शेपटाचं की बिनशेपटाचं, याची मला त्या क्षणी खात्री वाटेना. साहेब घड्याळ बघत होते. घाम कोपरावरून कागदावर टपकत होता. स्लेप्ट पाठ होतं. स्लेप्ट चुकणं शक्यच नव्हतं. मी लिहिलं, 'आय स्लेप्ट', आणि पूर्णविराम दिला.

लिहिल्यावर काहीतरी टोचलं. नाही टोचलं म्हणालो तर ते खोटं होईल. पण खोडायचं म्हणजे तिघांच्या सह्या, आणि माझं स्वच्छ पान गेलं. मी पुढचा प्रश्न लिहायला घेतला. दोन पाळ्या सलग केल्याचंही त्यानं सांगितलं, तेही मी नीट लिहिलं.

मग वाचून दाखवलं. पान डोळ्यांसमोर धरलं आणि बंगालीत बोलत गेलो, काँटार दिके चेये छिलाम, चोखटा लेगे गियेछिलो. त्यानं समाधानानं मान डोलावली. "ह्याँ स्यार, एकदम ठीक." त्यानं एकेक अक्षर जपून काढत बंगालीत सही केली आणि कार्बनची प्रत चार घड्या घालून खिशात ठेवली.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. ऑफिस अर्धा दिवस. मी तीनच्या सुमाराला घरी पोचलो तर जिन्यातच करपल्याचा वास. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं ठिक्कर पडलेलं. बायको स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर मुलगी, मान एका बाजूला कलंडलेली, तोंड किंचित उघडं. मी स्टोव्ह बंद केला आणि खेकसलो, "झोपलीस काय? दूध गेलं सगळं!"

ती दचकून उठली. "झोपले नव्हते हो. जरा डोळा लागला."

"तेच ते."

"तेच कसं?" ती एरवी आवाज चढवत नाही. "झोपायचंच असतं तर अंथरूण घालून झोपले नसते का? अशी भिंतीला टेकून, मांडीवर पोर घेऊन कुणी झोपतं? दहा-बारा दिवस पाठ टेकलेली नाही माझी. आणि मला झोपली म्हणता?"

पातेलं माझ्या हातात होतं. चटका बसत होता तरी ते ठेवायचं सुचलं नाही. मला माझंच पान दिसत होतं.

तिनं चूळ भरली, मुलीला खांद्यावर घेतलं, तेव्हा मी तिला बजबजचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण त्या माणसानं सही केली ना? तुम्ही तर वाचून दाखवता."

"दाखवलं ना. चोखटा लेगे गियेछिलो असं वाचलं मी."

"असं लिहिलं होतं?"

दोन वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की मी वाचतच नव्हतो. समोर इंग्रजी धरून मी ज्याचे शब्द त्यालाच परत ऐकवत होतो, कानात राहिलेले, जसेच्या तसे. कागदावर काय उतरलंय ते बंगालीत सांगायचं, हे माझं काम. ते मी एकदाही केलेलं नव्हतं. माणूस दमलेला असला की सोपी वाट धरतो, आणि ऐकलेलं परत म्हणणं हे लिहिलेलं उलटवून सांगण्यापेक्षा कितीतरी सोपं. मग हरकत कोण घेणार? आपलेच शब्द कुणाला चुकीचे वाटतील? मुद्दाम कुणाला फसवायचं माझ्या मनात कधीच नव्हतं, आणि त्यामुळे काहीच हलकं होत नव्हतं.

"सोमवारी जाऊन सांगा," बायको म्हणाली.

सोमवारी मी साहेबांपुढे उभा राहिलो. साहेब सभ्य होते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, साखरेचा आजार, डब्यात रोज तीच पांढरी इडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान काढलं, त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

"हा शब्द चुकला म्हणता?"

"हो."

"सह्या झालेलं पान आहे. आता एक अक्षर हलवता येणार नाही." त्यांनी चष्मा काढला. "पण तुम्ही लेखी द्या, की माझी नोंद चुकली आणि वाचून दाखवतानाही चूक झाली. मी ते फाईलला लावतो आणि नव्यानं चौकशी घेतो. मात्र एक लक्षात ठेवा. मला बंगाली येत नाही. दोन वर्षांत मी जे जे निकाल दिले ते तुमच्या कानावर आणि तुमच्या पेनावर दिले. एक पान चुकीचं ठरलं तर उद्या बाकीच्या पानांनाही हात लागेल. आणि तुमचा बदलीचा अर्ज परवाच माझी शिफारस लावून वर पाठवलाय. घरी विचार करा. शुक्रवारी मी अहवाल लिहीन."

यात धमकी नव्हती. मला पुष्कळदा वाटतं, धमकी असती तर बरं झालं असतं, मी चिडून तिथल्या तिथे लिहून दिलं असतं. पण ते खरोखर माझ्या भल्याचं सांगत होते, आणि ते मला पटत होतं.

त्या संध्याकाळी मी चार ओळी लिहिल्या. चांगल्या इंग्रजीत. डोझचं रूप कोशात बघून घेतलं. ते साधं, शेपटाचंच निघालं, शाळेतल्या पोरालाही जमलं असतं. कागद शर्टाच्या खिशात ठेवला. मंगळवारी साहेब फिरतीवर होते. बुधवारी ते होते, पण त्यांच्या खोलीत माणसं होती, आणि मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. बायको शर्ट धुवायला घेताना कागद काढी आणि दुसऱ्या शर्टाच्या खिशात घाली. "अजून दिला नाहीत?" एवढंच विचारी. गुरुवारी मुलीचा खोकला वाढला, श्वास पुरेना, आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे धावलो. तिथे बाकड्यावर बसल्या बसल्या मला पुण्याची कोरडी हवा दिसायला लागली. शुक्रवारी मी ऑफिसला गेलोच नाही. मुलगी आजारी आहे असं कळवलं, आणि ते खरंही होतं. सोमवारी गेलो तेव्हा अहवाल वर गेलेला होता.

मी ठरवून गप्प बसलो, असं म्हणायलाही तोंड नाही. मी फक्त दमलो होतो आणि दिवस निघून गेले. माझ्या भित्रेपणाला मी इतकी वर्षं थकवा म्हणत आलो आहे. बायकोला हे नाव कधीच पटलं नाही.

महिन्या-दीड महिन्यानं माझी बदली मंजूर झाली. आम्ही सामानाची बांधाबांध करत होतो. खोके, सुतळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी. रविवारी सकाळी दार वाजलं. दारात पंपमन. तोच इस्त्रीचा शर्ट, काखेत लाल भोपळा, हातात कंपनीचं लांबट पाकीट.

"अंगणातला आहे," भोपळा पुढे करत तो म्हणाला. बायकोनं तो घेतला. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण कोण ते तिला लगेच कळलं.

तो खोक्यांमधल्या एका रिकाम्या खुर्चीवर अंग चोरून बसला. पत्र इंग्रजीत होतं. डेपोत कुणी म्हणत होतं कायमचं काढलंय, कुणी म्हणत होतं थोडे दिवस घरी बसवलंय. दोघातिघांना दाखवलं, प्रत्येकानं वेगळं सांगितलं.

"म्हटलं, स्यारकडेच जावं," तो म्हणाला. "तुम्ही माझं बोलणं शब्दन् शब्द वाचून दाखवलंत. असं कुणी वाचत नाही हो. बाकीचे आपल्या मनाचं घालतात."

मी पत्र उघडलं. या वेळी कानात काही नव्हतं. एकेक इंग्रजी वाक्य घेऊन त्याची बंगाली करायची होती, जी मी आधी कधी केली नव्हती. मी हळूहळू सांगत गेलो. चौकशी पूर्ण झाली. आपण कामावर असताना झोपला होता, असं आपण स्वतः कबूल केलं. सबब आपल्याला आजच्या तारखेपासून बडतर्फ करण्यात येत आहे.

बडतर्फीबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. म्हणाला, "ते मधलं पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"झोपलो असं मी बोललो?"

त्यानं खिशातून कार्बनची प्रत काढली. चार घड्यांच्या रेघांवर शाई पुसट झाली होती. "यात कुठे आहे?"

मी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. त्यानं माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. मग ते बोट पानावरून खाली सरकवत आपल्या सहीपर्यंत आणलं. सहीकडे तो खूप वेळ बघत राहिला.

बायको चहा घेऊन आली होती. तिनं कप त्याच्यासमोर खोक्यावर ठेवला आणि तिथेच उभी राहिली. मराठीत म्हणाली, "अहो, खरं काय ते सांगा त्याला. आत्ता तरी सांगा."

त्यानं मान वर करून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "बौदी की बोलछेन?" वहिनी काय म्हणतात?

मी म्हणालो, "चहा घ्या म्हणते. गार होतोय."

बायको आत निघून गेली. त्यानं कप उचलला, बशीत चहा ओतला आणि आज्ञा पाळल्यासारखा सगळा प्यायला. मग कागद एकावर एक ठेवून पाकिटात घातले. तो बोलला तेव्हा आवाजात तक्रार नव्हती. मला धीर देत असल्यासारखा बोलत होता.

"झोपलो असेन, स्यार. आदल्या संध्याकाळपासून बसलेलो. मला वाटलं डोळा लागला, पण झोपलेल्याला स्वतःचं काय कळतं? तुम्ही लिहिलंय, माझी सही आहे. म्हणजे झोपलोच असेन." तो उठला, दाराशी जाऊन चपला घालू लागला. "बायकोला मात्र इतके दिवस उगाच सांगत होतो, मी झोपलो नव्हतो म्हणून. ती बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून सगळ्यांशी भांडत होती. आज घरी गेलो की तिला खरं काय ते सांगून टाकतो."